ऑफिसचा जुना स्विच घरी आणताना

हैदराबादच्या हायटेक सिटीत किंवा पुण्याच्या हिंजवडीत एखादं ऑफिस हललं की त्याच्या नेटवर्कच्या कपाटातलं सामान विकायला निघतं. यूपीएस, वायरींची भेंडोळी, जुने सर्व्हर आणि त्यांच्याबरोबर चपटे, लांबट, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस पोर्टांचे स्विच. सिकंदराबादच्या पार्कलेनमधल्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे सगळे ज्याला सीटीसी म्हणतात तिथे, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे स्विच नव्याच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्तात मिळतात. बसवकल्याण तालुक्यातल्या मंठाळसारख्या गावाला ही दोन्ही टोकं लांबची नाहीत. सस्तापूर बंगल्याला महामार्ग ६५ गाठला की एका हाताला हैदराबाद आणि दुसऱ्या हाताला सोलापूर, पुढे पुणं. शिकायला किंवा नोकरीला गेलेली पोरं सणाला येताना लॅपटॉपच्या बॅगेबरोबर असलं काहीतरी घेऊन येतात.

गावात स्विचचं काम काय, असा प्रश्न आता कुणी विचारत नाही. केबलवाल्यांनी घरोघर फायबर ओढलं आहे. त्याच्या टोकाला बसणाऱ्या डबीला दोन किंवा चार पोर्ट असतात. एकत्र कुटुंबाचा मोठा वाडा असेल, गोठ्यावर आणि खळ्यावर कॅमेरे लावायचे असतील, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास किंवा झेरॉक्सचं दुकान असेल, तर चार पोर्ट दोन दिवसांत भरतात. वायफायचं म्हणाल तर दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीपलीकडे ते पोचत नाही. मग वायर ओढावी लागते आणि वायरी जिथे एकत्र येतात तिथे स्विच लागतो.

स्विच करतो काय, तेही सांगतो. पूर्वी त्याच्या जागी हब असायचा. हब म्हणजे दवंडी: एका पोर्टातून आलेला निरोप तो सगळ्यांना ऐकवायचा. स्विच प्रत्येक पोर्टामागे कोणतं यंत्र आहे हे लक्षात ठेवतो आणि निरोप नेमका त्याच पोर्टावर पाठवतो. असं इथरनेट स्विच नावाचं पहिलं यंत्र १९९० मध्ये बाजारात आणलं ते अमेरिकेतल्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीनं. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि कंपनीला नाव दिलं होतं भारद्वाजांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली. आज बाजारात जुने म्हणून मिळणारे सिस्कोचे कॅटॅलिस्ट स्विच त्याच परंपरेतले आहेत.

हा स्विच घरी आणून प्लग लावला की पहिल्याच मिनिटाला घरातली माणसं दार लावून घेतात, इतका तो किंचाळतो. रात्री तर शेजारच्या खोलीतही झोप येत नाही. यंत्र बिघडलंय असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्यात काहीच बिघडलेलं नसतं. ते ज्या जागेसाठी बनलं होतं ती जागा वेगळी होती, एवढंच.

ऑफिसातली नेटवर्कची यंत्रं एका ठरलेल्या मापाच्या लोखंडी चौकटीत एकावर एक बसवतात. त्या चौकटीतल्या एका घराची उंची पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. एवढ्या उंचीच्या डब्यात ४० मिलिमीटरपेक्षा मोठा पंखा उभा मावत नाही. लहान पंख्यानं भरपूर हवा ढकलायची तर त्याला प्रचंड वेगानं फिरावं लागतं. मिनिटाला आठ-दहा हजार फेऱ्या हे त्याच्यासाठी नेहमीचंच. आता हिशेब करा. ९००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५०. पंख्याला सात पाती असतील तर सेकंदाला १०५० वेळा एक पातं चौकटीच्या काडीजवळून जातं. म्हणजे १०५० हर्ट्झचा सलग सूर, आणि त्याच्या दुपटी-तिपटीचे, २१०० आणि ३१५० हर्ट्झचे, सूर त्याच्याबरोबर. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या टापूत सर्वांत तिखट असतो. हा आवाज नेमका तिथेच टोचतो. डब्यात दोन पंखे असले आणि त्यांच्या वेगात किंचित फरक असला, तर आवाज एका लयीत चढतो-उतरतो. तो नुसत्या मोठ्या आवाजापेक्षाही जास्त छळतो, कारण मन त्याची सवय करून घेऊ शकत नाही.

दिलासा असा की पंख्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्यानं बदलतो. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, हे लक्षात घेतलं तर हा सौदा चांगलाच फायद्याचा आहे. प्रश्न फक्त एकच: निम्मी हवा आपल्याला पुरेल का?

इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा सावकाश बघू. कॅमेऱ्याला वायरीतूनच वीज पुरवणारा, म्हणजे पीओईवाला, चोवीस पोर्टांचा स्विच घ्या. २००३ च्या मानकाप्रमाणे प्रत्येक पोर्टाला १५.४ वॅटपर्यंत वीज द्यायची असते. चोवीस पोर्टांचे झाले जवळजवळ ३७० वॅट. पंखे निवडणाऱ्या इंजिनिअरनं हा पूर्ण भार धरला, वर-खाली तापलेली दुसरी यंत्रं धरली, बंद कपाट धरलं, आणि तरीही आतले भाग सुरक्षित राहतील असे पंखे दिले. आपल्या घरी त्याच स्विचवर चार कॅमेरे लागतात, एकेक पाच-सहा वॅटचा. म्हणजे पंख्यात जी ताकद आहे तिचा मोठा हिस्सा घरात वायाच जातो. पंखा हळू करायला जागा आहे ती या फरकामुळे. अनेकजण पंखाच काढून टाकतात, स्विच दोन महिने चालतो, आणि ते समजतात की पंखा उगाचच होता. तो उगाच नव्हता; दोन महिने थंडीचे होते.

हवा किती लागते हे घरबसल्या काढता येतं. आतल्या भागांना जितके वॅट लागतात त्याची तिप्पट करा आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितके अंश जास्त तापलेली चालेल त्यानं भागा. उत्तर येतं ताशी घनमीटरमध्ये. ३० वॅटच्या स्विचला १० अंशांची वाढ चालणार असेल तर ताशी ९ घनमीटर हवा हवी. नॉक्चुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा ४० बाय २० मिलिमीटरचा पंखा या कामासाठी जगभर वापरला जातो. तो मिनिटाला ५००० फेऱ्यांत ताशी ९.४ घनमीटर हवा देतो, आणि आवाज १५ डेसिबलच्याही आत. पण हा आकडा मोकळ्या हवेतला. जाळी, वायरी आणि भरगच्च डबा यांतून वाट काढताना प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही हवा मिळेल की नाही सांगता येत नाही. म्हणून मूळचे दोन पंखे असतील तर दोनच नवे लावावेत. एकावर भागवू नये.

पंखा बदलणं दिसायला सोपं असतं, फसतं ते कनेक्टरवर. जुन्या पंख्यावरचं लेबल आधी वाचा: १२ व्होल्ट आहे की ५, किती अँपिअर, जाडी किती. मग वायरी बघा. तीन वायरींत एक धन, एक ऋण आणि तिसरी फेऱ्या मोजणारी. एका फेरीला ती साधारण दोन ठोके पाठवते. मात्र कोणती वायर कोणत्या पिनवर, याचा क्रम कंपनीगणिक बदलतो. प्लग बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली, असं मुळीच नाही. मल्टिमीटरनं तपासूनच पिना बदला. काही स्विच तिसऱ्या वायरीवर ठोक्यांऐवजी ‘पंखा अडकला की नाही’ एवढाच संकेत अपेक्षित धरतात. त्यांना ठोके देणारा नवा पंखा लावला की तो फिरत असतानाही स्विचवर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागतो. अशा वेळी त्याच प्रकारचा संकेत देणारा पंखा शोधावा लागतो. दिवा शांत करायला ती वायर कायमची जोडून टाकायची युक्ती काहीजण करतात. मी ती करू नये असंच सांगेन. उद्या पंखा खरंच बंद पडला तर ते कळायची एकमेव वाट आपणच बुजवलेली असते.

नवा पंखा घ्यायचा नसेल तर जुन्याचा वेग कमी करता येतो. १२ व्होल्टच्या, ०.१ अँपिअरच्या पंख्याला ५६ ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर धन वायरीत जोडला की त्याला साधारण आठ व्होल्ट मिळतात. मात्र एवढ्या व्होल्टवर तो थांबलेल्या अवस्थेतून स्वतःहून सुरू होतो का, हे दहा-बारा वेळा बंद-चालू करून बघायचं. फिरता ठेवायला लागतं त्यापेक्षा सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं. लोडशेडिंगनंतर वीज आली आणि पंखा ताठ उभाच राहिला, तर घरात कुणाला पत्ताही लागणार नाही.

स्विच जर कपाटावर एकटाच ठेवायचा असेल, चौकटीत बसवायचा नसेल, तर माझ्या मते सगळ्यांत चांगला उपाय वेगळा आहे. पावणेदोन इंचांची अट आता उरलीच नाही. झाकणावर भोक पाडून वर १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा आडवा बसवावा आणि तो मिनिटाला आठशे फेऱ्यांनी फिरवावा. पाती गेल्याचा सूर उतरतो नव्वदएक हर्ट्झवर, जिथे कान बोथट असतो, आणि हवा चाळीसच्या पंख्यापेक्षा किती तरी जास्त. झाकण स्विचपासून पूर्ण वेगळं करून, बाहेर अंगणात नेऊन कापावं. लोखंडाचा एक कीसही सर्किटवर पडला तर तो पहिल्याच दिवशी शॉर्ट करेल असं नाही, सहा महिन्यांनी हलून करेल.

आता उघडण्याबद्दल. ज्या बाजूला वीज आत येते तिथला पिंजरा म्हणजे एसएमपीएस. त्यात २३० व्होल्ट एसीचे आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि ते एका जाड कपॅसिटरमध्ये साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात. ज्याला हे डिस्चार्ज करून मोजता येतं त्यानंच त्या पिंजऱ्यात हात घालावा. बाकीच्यांनी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावं, त्याला हे काम नित्याचं आहे. तिथेच जुन्या स्विचचं खरं दुखणं असतं: डोकं फुगलेले कपॅसिटर. या भागाचं आयुष्य उष्णतेवर ठरतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की ते ढोबळपणे दुप्पट होतं. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल, म्हणजे सलग चालवला तर साडेतीन वर्षांच्या थोडं वर. ५५ अंशांवर ठेवला तर सात वर्षांच्या पुढे. आवाज कमी करताना आपण हेच आयुष्य खर्चून टाकत नाही ना, एवढं बघायचं. बदलताना १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे कपॅसिटर मागावेत. व्होल्ट मूळ आकड्याएवढे किंवा थोडे जास्त, आणि मायक्रोफॅरड मूळचेच.

साफसफाईला मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरावीत. ती भन्नाट फिरली तर बेअरिंगही जातं आणि फिरणारा पंखा उलट वीज बनवून सर्किटमध्ये ढकलतो. आपल्याकडे तुरीच्या आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत हवेत जो भुसा उडतो, तो ऑफिसातल्या एसीत राहिलेल्या यंत्रानं कधी पाहिलेला नसतो. वर्षातून एकदा, मळणी संपल्यावर, डबा उघडून बघावा.

आणि उन्हाळा. ऑफिसच्या बहुतेक स्विचसाठी कंपनीनं भोवतालच्या हवेची मर्यादा ४० किंवा ४५ अंशांची दिलेली असते. कलबुर्गीकडच्या सखल भागात एप्रिल-मेमध्ये सावलीतलं तापमानच ४२-४३ च्या घरात जातं. पत्र्याच्या खोलीत, छपराखाली, ते त्याच्याही वर. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर डोक्यावर असतो आणि दुपारीही आत सुसह्य असतं. स्विचची जागा तिथेच, जमिनीपासून हात-दीड हात वर, भिंतीपासून मोकळी. पत्र्याखाली ठेवणं भाग असेल तर पंखा हळू करायचा विचार सोडून द्यावा. कॅटॅलिस्टमध्ये ‘शो एन्व्ह ऑल’ ही आज्ञा दिली की पंख्याची स्थिती दिसते, अनेक मॉडेलांत तापमानही. पंखा बदलल्यावर भर दुपारी, सगळे कॅमेरे चालू ठेवून, दोन-तीन तासांनी हे आकडे बघावेत. रात्री बघून समाधान मानू नये.

मुळात हा सगळा खटाटोप टाळता येतो का, हेही विकत घेण्याआधी विचारावं. बिनपंख्याचे जुने स्विच मिळतात. सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६०-सी हा छोटा प्रकार किंवा एचपीचा चोवीस पोर्टांचा १८१०जी, दोन्हींत पंखा नाही. आणि विजेचा हिशेब करा. ३० वॅटचा स्विच चोवीस तास चालला तर महिन्याला २१-२२ युनिट. आठ पोर्टांचा नवा साधा स्विच पाच वॅटचा धरला तर साडेतीन युनिट. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घराच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, २०० युनिटच्या आत, वीज मोफत मिळते. वीस युनिट वाढले तर जेस्कॉमच्या वीजबिलात ते दिसू शकतं. ज्याला सहाच पोर्ट हवेत त्यानं अठ्ठेचाळीस पोर्टांचा स्विच स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. ज्याला कॅमेरे चालवायचे आहेत, क्लासचे पंधरा कॉम्प्युटर जोडायचे आहेत, किंवा नेटवर्किंग शिकायचं आहे, त्याच्यासाठी मात्र हा जुना स्विच सोन्यासारखा सौदा आहे. बीदरच्या किंवा कलबुर्गीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला खऱ्या यंत्रावर हात बसवायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

घेताना बनावट मालाचीही काळजी घ्यावी. २०२० मध्ये एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीनं कॅटॅलिस्ट २९६०-एक्सच्या नकली स्विचांची चिरफाड करून अहवाल काढला होता. सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर ते बंद पडले तेव्हा कुठे ते नकली असल्याचं कळलं. शिवाय जुन्या स्विचात आधीच्या ऑफिसची सगळी मांडणी, पासवर्डसकट, तशीच पडून असते. ती न वाचता पुसून टाकणं हा साधा सभ्यपणा आहे. पुसल्यावर स्विचच्या कारभाराचा आयपी पत्ता फक्त घरातल्या नेटवर्कपुरता ठेवावा, कारण या यंत्रांना नव्या सुरक्षा दुरुस्त्या आता येत नाहीत.

यानंतरची गोष्ट आवाजाशी संबंधित नाही, पण आपल्या गावांत तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: अर्थिंग. स्विचच्या पत्र्याच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की पेटतो. अनेकजण समजतात स्विच खराब आहे. खरं कारण असं की एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. तिसरी पिन जमिनीला नीट जोडलेली असेल तर त्यांतून झिरपणारी किंचित वीज जमिनीत जाते. ती पिन तोडलेली असेल, किंवा सॉकेटमागची हिरवी वायर कुठेच गेलेली नसेल, तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, सुमारे ११५, उभं राहतं. प्रवाह फार थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच पत्र्याला उद्या आतली एखादी सुटी वायर टेकली तर जीव जाऊ शकतो. उपाय जुनाच आहे: कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा, त्यात पट्टी, आणि उन्हाळ्यात त्यावर बादलीभर पाणी. वायरमनकडून तपासून घ्या. काहीजण सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून मोकळे होतात. न्यूट्रल कधी तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील, म्हणून तसं कदापि करू देऊ नये.

विजेपासूनचा दुसरा धोका आकाशातून येतो: स्विचचे पोर्ट जळतात ते बहुतेक एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात. घरातून खळ्यावरच्या कॅमेऱ्याकडे सत्तर-ऐंशी मीटर तांब्याची वायर उघड्यावरून नेलेली असते. वीज प्रत्यक्ष त्यावर पडावी लागत नाही; जवळपास पडली तरी एवढ्या लांब वायरीत हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. इथरनेटच्या पोर्टातला छोटा ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टपर्यंत झेलेल असा बनवलेला असतो, त्यापुढे तो हतबल आहे. म्हणून एका इमारतीतून दुसरीत जाताना तांबं वापरूच नये. जुन्या ऑफिसच्या स्विचला टोकाशी दोन-चार एसएफपी खाचा असतात; घरगुती नव्या स्विचमध्ये त्या सहसा मिळत नाहीत. त्यात फायबरचं मॉड्यूल घाला, खळ्याकडे मीडिया कन्व्हर्टर ठेवा. केबलवाल्याकडे फायबरचे उरलेले तुकडे असतातच, आणि जोड मारायचं यंत्रही. फक्त एक बघा: त्या बाहेरच्या फायबर केबलमध्ये ओढ झेलण्यासाठी पोलादी तार असते. घरात शिरण्याआधी ती सोलून बाहेरच कापायची आणि आत फक्त काचेचा धागा घ्यायचा. नाहीतर ज्या झटक्यासाठी तांबं काढलं तोच त्या तारेवरून स्विचच्या टेबलापर्यंत येतो.